सवा महिन्यानंतरच्या रात्री

पहिलं बाळंतपण माहेरी, ही वऱ्हाडातली रीत अजून मोडलेली नाही. बाळापूरसारख्या तालुक्याच्या गावात बाळ आता दवाखान्यात जन्मतं. गावच्या ग्रामीण रुग्णालयात, किंवा जोखीम दिसली तर अकोल्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात शंभरातल्या जवळपास पंचाण्णव प्रसूती दवाखान्यात होतात. पण सुट्टी झाली की बाळ-बाळंतिणीची गाडी वळते ती माहेराकडे, आणि तिथे सवा महिना सुरू होतो. गावातल्या एका आळीत त्याला सवा महिना म्हणतात, दुसऱ्या आळीत चिल्ला. मन आणि म्हैस नद्यांच्या काठच्या या गावात हिंदू आणि मुस्लिम घरं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदली, आणि चाळीस दिवसांचा हा हिशेब दोन्हीकडे सारखाच राहिला. या दिवसांत बाळंतिणीनं केर काढायचा नाही, थंड पाण्यात हात घालायचा नाही, जड उचलायचं नाही. सकाळी मालिशवाली येते, आधी आईचं अंग रगडते, मग बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालते. दुपारी दार ओढून घेतलं जातं. रात्री पाजून झालं की आजी बाळ उचलते, खांद्यावर टाकून ढेकर काढते, दुपट्यात गुंडाळते आणि लेकीला म्हणते, झोप तू. या चाळीस दिवसांतल्या शेक-शेगडीविषयी, पथ्याविषयी आणि सोवळ्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे, त्यावर टीकाही झाली आहे. पण या व्यवस्थेचा सर्वांत मोठा गुण फारसा कुणी नोंदवला नाही. ती बाळंतिणीच्या झोपेची राखण करते. आणि तिचा सर्वांत मोठा दोष असा, की ती राखण नको त्या दिवशी संपते.

तो दिवस नको तो का, हे समजण्यासाठी बाळाच्या झोपेची आणि रडण्याची चाल पाहावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शनानुसार पहिल्या तीन महिन्यांत बाळाला दिवस-रात्र मिळून १४ ते १७ तास झोप लागते. ऐकायला हे भरपूर वाटतं. पण ही झोप तुकड्यातुकड्यांची असते. नवजात बाळाचं पोट लहान, आईचं दूध पचायला हलकं, त्यामुळे दर दोन-तीन तासांनी त्याला भूक लागते, मग घड्याळात दुपारचे दोन असोत की रात्रीचे. त्याच्या झोपेचं एक आवर्तन तासाभरात संपतं आणि त्यातली जवळपास निम्मी झोप चाळवाचाळवीची असते. डोळे मिटलेले, पण हातपाय हलतात, तोंड वाकडं होतं, बारीक कण्हणं चालतं. दिवस कोणता आणि रात्र कोणती हे सांगणारं शरीरातलं घड्याळ आईच्या पोटात असताना आईच्या हवाली असतं. बाळाचं स्वतःचं घड्याळ साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात चालू लागतं. रडण्याचा आलेख याहून ठसठशीत आहे. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२मध्ये निरोगी बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत दिसलं की रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक होतं, आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत उतरतं. संध्याकाळी आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरी ते सर्वांत जास्त असतं. पुढे अनेक देशांतल्या नोंदी एकत्र करून झालेल्या २०१७च्या अभ्यासातही हेच निघालं. पहिले सहा आठवडे बाळं दिवसाला सरासरी दोन तासांच्या आसपास रडतात, आणि दहा-बारा आठवड्यांची होईतो ते प्रमाण सव्वा तासाच्या आत येतं.

आता दोन दिनदर्शिका शेजारी ठेवा. चाळिसाव्या दिवशी बाळंतिणीचं न्हाणं होतं, ती कामाला मोकळी झाली असं घर मानतं. बाळ साधारण सहा आठवड्यांचं झालेलं असतं, म्हणजे त्याचं रडणं ऐन भरात असतं. काही घरांत लेक तीन महिने माहेरी राहते. तिचं नशीब बरं. पण वडील शेतमजूर, भाऊ कामाला, आईच्याही हाताला निंदणीची मजुरी, अशा घरात तीन महिने कुणाला परवडतात? दुसऱ्या बाळंतपणाला तर माहेरची रीतही बहुधा नसते. ते सासरीच होतं, आणि तेव्हा हाताशी दोन-तीन वर्षांचं मोठं लेकरूही असतं. सरकारी व्यवस्थेचं वेळापत्रकही योगायोगानं याच ठिकाणी तुटतं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. त्यानंतरच्या गृहभेटींच्या कार्यक्रमात पुढची भेट थेट तिसऱ्या महिन्यात येते. घरानं मदत काढून घ्यायची आणि सरकारनं भेट थांबवायची, हे दोन्ही एकाच आठवड्यात घडतं. आणि मधल्या सहा-सात आठवड्यांत थकलेली आई रडणाऱ्या बाळासह उरते. नव्या आईबापांच्या झोपेचा प्रश्न सोडवायचा तर हात या खिंडारापासून घालावा लागेल, असं माझं म्हणणं आहे. बाळाला झोपवण्याच्या युक्त्या त्यानंतर येतात.

युक्त्यांना दुय्यम का म्हणायचं? कारण बाळानं रात्रभर सलग झोपावं ही अपेक्षाच बाळाच्या वाढीशी जुळत नाही. कॅनडातल्या संशोधकांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सहा महिन्यांच्या बाळांपैकी ३८ टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती. सलग आठ तास न झोपणारी ५७ टक्के होती. वर्षाच्या बाळांतसुद्धा २८ टक्के बाळं सहा तास सलग झोपत नव्हती. महत्त्वाचं हे, की सलग झोपणारी आणि न झोपणारी बाळं यांच्या मानसिक वा शारीरिक विकासात फरक आढळला नाही. म्हणजे रात्री उठणारं बाळ बिघडलेलं नसतं. आपल्याकडे मात्र पहिला सवाल हाच असतो, ‘पोट्टं रात्री झोपते का?’ उत्तर ‘नाही’ असलं, की दोष आईच्या पदरात पडतो. तिला दूध कमी आहे, तिनं वांगं खाल्लं असेल, तिनं त्याला हाताची सवय लावली. बाळाच्या झोपेत दुरुस्त करण्यासारखं फार थोडं असतं. मोडलेली असते ती आईची झोप, आणि ती पूर्ववत करणं मात्र माणसांच्या हातात असतं.

बाळाला गप्प करून प्रश्न मिटवण्याचा मार्ग महाराष्ट्रानं एकदा आजमावलेला आहे, आणि तो इतिहास विसरू नये असा आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बायका तान्ह्या बाळांना अफूची बाळगोळी देऊन पाळीला जात. घरी बाळाला सांभाळायला कुणी नाही, पाळी चुकली तर मजुरी नाही; गोळी दिली की बाळ तासन्‌तास निपचित पडे. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कामगार आयोगानं १९३१च्या अहवालात या चालीची दखल घेतली आणि कारखान्यांत पाळणाघरं हवीत असं सांगितलं. त्या बायका निष्ठुर नव्हत्या. त्यांच्या वाट्याची रात्र आणि दिवस वाटून घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून अफू आली. आज बाळगोळी दिसत नाही, पण तिची धाकटी भावंडं आहेत. सहाणेवर जायफळाचे दोन वेढे जास्त घासले जातात, कारण जायफळानं झोप येते. जास्त प्रमाणात ते विषारी असतं हे सांगितलं जात नाही. सर्दीचं औषध रात्री अर्धा चमचा पाजलं जातं, कारण ते दिल्यावर बाळ पेंगतं. डिसेंबर २०२३मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण असलेल्या सर्दीच्या औषधांवर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असा इशारा छापायला लावला, तो उगाच नव्हे. पहिल्या सहा महिन्यांत आईच्या दुधाखेरीज बाळाला काही द्यायचं नाही. पाणी नाही, घुटी नाही, मधाचं बोट नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध एवढाच त्याला अपवाद.

यावर पहिला आक्षेप घराघरांतून येतो. आमच्या आयांनी सहा-सहा पोरं काढली, त्यांना कुठे कुणी झोप मोजून दिली? या बोलण्यात एक खरं आहे आणि एक राहून गेलेलं आहे. खरं हे, की त्या काळच्या घरात जाऊ होती, नणंद होती, विधवा आत्या होती, अंगणापलीकडे चुलत सासू होती. बाळ या हातातून त्या हातात जाई आणि आईला कळायच्या आत तासभर निघून जाई. आज बाळापुरातही नोकरदाराचं घर दोन खोल्यांचं आणि तीन माणसांचं असतं. पुण्याला किंवा नागपूरला गेलेल्या मुलाच्या घरात तर दोनच माणसं. हात कमी झाले, काम तेवढंच राहिलं. राहून गेलेलं हे, की त्या आयांना विचारलंच कुणी नव्हतं. दगावलेली बाळं, बाळंतपणानंतर ‘बाहेरचं’ झालं म्हणून मांत्रिकाकडे नेलेल्या बायका, आयुष्यभराची कंबरदुखी आणि अशक्तपणा, यांत न झोपलेल्या रात्रींचा वाटा किती होता याची नोंद कुठल्याही वहीत नाही. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात आजही रक्त कमी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतला आकडा ५४.२ टक्के आहे. रक्त कमी, त्यात बाळंतपणाचा रक्तस्राव, त्यावर महिनोन्‌महिने तुटक झोप. सोसलं म्हणजे सोपं होतं असा अर्थ निघत नाही.

दुसरा आक्षेप शिकलेल्या तरुण आईबापांचा. झोपेची शिस्त लावली तर? बाळाला वेगळं, एकटं निजवायचं आणि रडलं तरी लगेच उचलायचं नाही, ही शिकवण पाश्चात्त्य देशांत अमेरिकी डॉक्टर एमेट होल्ट यांच्या १८९४च्या बालसंगोपनाच्या पुस्तकापासून चालत आली. रिचर्ड फर्बर यांनी १९८५मध्ये तिला टप्प्याटप्प्यानं थांबण्याचं रूप दिलं. तिच्याबद्दलचा पुरावा प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. मेलबर्नमध्ये सात-आठ महिन्यांच्या बाळांच्या आईबापांना अशा सौम्य पद्धती शिकवल्या गेल्या, तेव्हा बाळांचं उठणं कमी झालं आणि आयांचं मनही सावरलं. ती मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तर त्यांना अपाय झालेला दिसला नाही, आणि टिकाऊ फायदाही दिसला नाही. म्हणून सहा महिन्यांपुढच्या बाळासाठी एखाद्या घरानं हा मार्ग धरला तर त्यांना क्रूर म्हणण्याचं कारण नाही. पण पहिल्या सहा महिन्यांत अशी शिस्त उपयोगी पडते याला आधार नाही, आणि आपला प्रश्न तर दीड महिन्यापासून तीन महिन्यांपर्यंतच्या रात्रींचा आहे. त्या वयाचं बाळ हट्ट करत नसतं. ते भुकेलेलं असतं, अवघडलेलं असतं किंवा त्याला जवळ घ्यायला हवं असतं. माँट्रियलमध्ये १९८६मध्ये झालेल्या एका प्रयोगात, रडण्याची वाट न पाहता दिवसभरात बाळाला जास्त वेळ अंगावर घेतलं, तेव्हा सहा आठवड्यांच्या वयाला त्याचं रडणं ४३ टक्क्यांनी कमी झालं. हाताची सवय लागेल या धाकानं बाळ खाली ठेवणाऱ्या घरांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

तिसरा आक्षेप दुधाचा. रात्री एक बाटली पावडरचं दूध दिलं की बाळ जड होऊन झोपेल आणि आईही झोपेल, असा सल्ला शेजारणीपासून औषधाच्या दुकानापर्यंत सगळीकडे मिळतो. अमेरिकेतल्या २००७च्या एका अभ्यासात तीन महिन्यांच्या बाळांच्या आईबापांची झोप मोजली गेली, तेव्हा रात्री अंगावर पाजणाऱ्या घरांतले आईबाप पावडरचं दूध देणाऱ्यांपेक्षा ४० ते ४५ मिनिटं जास्त झोपत होते. कारण साधं आहे. बाटलीसाठी उठावं लागतं, पाणी उकळावं लागतं, निववावं लागतं, बाटली धुवावी लागते. तोवर बाळही जागं आणि घरही जागं. आईचं रात्रीचं दूध शिवाय वेगळं असतं. त्यात झोपेचं संप्रेरक, मेलाटोनिन, असतं, आणि दूध तयार करणारं संप्रेरकही रात्री जास्त स्रवतं. म्हणून रात्रीचं पाजणं तोडू नये. तोडायचं ते पाजण्याभोवतीचं काम.

इथे नवऱ्याचा प्रश्न येतो, आणि तो टाळून हा लेख पुरा होत नाही. जर्मनीत साडेचार हजारांहून अधिक आईबापांच्या झोपेचा वर्षानुवर्षांचा अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन महिन्यांत आयांची झोप रोज सरासरी एका तासानं कमी झाली, बापांची पंधरा मिनिटांनी. आणि मूल सहा वर्षांचं झालं तरी दोघांचीही झोप पूर्वीच्या ठिकाणी परतली नव्हती. आपल्याकडे अशी मोजणी झाली तर आकडे याहून सरळ असतील असं मानायला जागा नाही. नवऱ्याला सकाळी कामाला जायचं असतं, हे उत्तर लगेच मिळतं. ते खोटं नाही. पारसच्या वीज केंद्रात पाळी करणारा, हमरस्त्यावर ट्रक चालवणारा, पहाटे ओलितासाठी शेतात जाणारा माणूस रात्रभर जागू शकत नाही. झोपाळू डोळ्यांनी गाडी चालवणं तर जिवावरचं आहे. पण बाईलाही सकाळी चूल असते. शिवाय कुणीच रात्रभर जागायला सांगत नाही. रात्रीचे दोन भाग करायचे. बाळाचं सर्वांत जास्त रडणं संध्याकाळी आणि रात्रीच्या सुरुवातीला असतं. आई साडेआठला जेवून, बाळाला पाजून दुसऱ्या खोलीत किंवा गच्चीवर, कान पुरणार नाहीत अशा जागी झोपते. नऊ ते साडेबारा बाळ बापाकडे. तो खांद्यावर घेतो, अंगणात फेऱ्या मारतो, लंगोट बदलतो, ढेकर काढतो. मध्ये भूक लागली तर बाळ आईच्या कुशीत देतो, तिला उठून बसू न देता पाजून घेतो, आणि पाजणं होताच बाळ परत उचलून नेतो. साडेबारानंतर बाप झोपतो, आईची पाळी सुरू होते, आणि पहाटे पाचला सासू किंवा सासरा बाळ घेतात. म्हाताऱ्या माणसांना तशीही पहाटे जाग असते. या वाटणीत कुणाचीच रात्र पूर्ण जात नाही, आणि आईला रोज सलग साडेतीन तासांच्या आसपास झोप मिळते. तुटक सहा तासांपेक्षा सलग साडेतीन आणि वर थोडी तुटक झोप शरीराला जास्त सावरते, कारण गाढ झोप सुरुवातीच्या सलग तासांतच साधते. ज्या घरात बाप परगावी असतो, तिथे हे काम दीराचं, सासऱ्याचं, नणंदेचं. बाळ सांभाळायला अंगावर दूध असावं लागत नाही.

बाळ कुठे निजवावं, यावरही आपल्याकडे दोन टोकं झाली आहेत. एका बाजूला परदेशी पुस्तकातली वेगळी खोली, दुसऱ्या बाजूला एका खाटेवर चौघं. पुरावा मधला रस्ता दाखवतो. पहिले सहा महिने तरी बाळ आईच्याच खोलीत, हाताच्या अंतरावर असावं. यावर जगभरच्या डॉक्टरांचं एकमत आहे. निजवताना ते नेहमी पाठीवर. नव्वदच्या दशकात हा एक सल्ला रुजला आणि पाश्चात्त्य देशांत झोपेतले बालमृत्यू निम्म्यावर आले. एकाच अंथरुणाविषयी अमेरिकी बालरोग संघटना अजूनही ‘नको’ म्हणते. स्तनपानाचं काम करणारे डॉक्टर म्हणतात की जोखमीच्या गोष्टी टाळून त्याविषयी आईशी मोकळेपणी बोला. त्या गोष्टी पक्क्या आहेत. खोलीत कुणी दारू प्यालेलं किंवा विडी-सिगारेट ओढणारं असेल, बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा अडीच किलोच्या आतलं असेल, तर एक अंथरूण नकोच. बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत डोळा लागू देणं सर्वांत घातक. त्या मानानं जमिनीवर अंथरलेली घट्ट सतरंजी बरी. उशी, गोधडीचे ढीग आणि मोठं भावंड बाळापासून लांब. झोळीचंही तसंच. जुन्या लुगड्याची झोळी कडीला बांधून दोरीनं झोका दिला, तर रडणारं बाळ निवतं. पण झोळीत बाळ गोल होतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडण्याची भीती असते. म्हणून झोळी शांत करण्यासाठी, आणि तीही कुणी डोळ्यांसमोर असताना. झोप लागली की बाळ सपाट जागी. ते कुशीवर वळायला लागलं की झोळी काढून टाकावी.

वऱ्हाडाचा उन्हाळा या सगळ्यात आपली भर घालतो. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४४-४५ अंशांवर जातो, आणि तेव्हाही बाळंतिणीची खोली बंद, कोपऱ्यात शेगडी, बाळाच्या अंगावर कुंची, दुपटं आणि वर शाल, असं दृश्य दिसतं. अति गरमीत बाळ अस्वस्थ होऊन रडतं, आणि झोपेत अंग तापणं त्याला धोक्याचं असतं. बंद खोलीत निखारे ठेवले तर विषारी वायू साठतो. त्या दिवसांत सुती झबलं पुरे. डोकं उघडं, खिडकी उघडी, कूलर असला तर त्याचा ओला झोत भिंतीकडे. बाळाच्या मानेमागे हात लावून पाहावा. घाम असेल तर एक कपडा कमी करावा. खोली दिवसाही अंधारी ठेवण्याची चाल मात्र सोडावी. बाळाच्या शरीरातलं घड्याळ उजेडानं लागतं. सकाळचं कोवळं ऊन, दिवसाचे घरातले नेहमीचे आवाज, आणि रात्री मंद दिवा, कमी बोलणं, मोबाइल लांब, एवढ्यानं दिवस-रात्रीचा फरक बाळाला लवकर उमगतो. आपल्या मालिशवालीचं कामही विज्ञानानं तपासलेलं आहे. भारतीय संशोधकांनी २०००मध्ये साधारण सहा आठवड्यांच्या १२५ बाळांवर केलेल्या अभ्यासात तेलाच्या मालिशनं वाढ सुधारली आणि मालिशनंतरची झोप वाढली; तिळाचं तेल त्यात सरस ठरलं. मालिशवाली चाळिसाव्या दिवशी बंद होते. खरं तर ती तेव्हा चालू राहायला हवी, किंवा तिच्याकडून ते काम बापानं शिकून घ्यायला हवं.

थकवा कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ दूध ओढेनासं झालं, निपचित पडलं, अंग तापलं किंवा गार पडलं, मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेऊ लागलं, छाती आत ओढली जाऊ लागली, आचके आले, तळहात-तळपाय पिवळे झाले, तर ते रडणं झोपेचं नाही. १०२ क्रमांकाची गाडी बोलवायची आणि तडक दवाखाना गाठायचा. आईच्या खुणाही तितक्याच ठळक असतात. बाळ झोपलं तरी तिला झोप येत नाही, दोन आठवड्यांहून जास्त दिवस रडू येत राहतं, बाळाकडे बघवत नाही, जीव नकोसा वाटतो किंवा बाळाला काही करून बसेन अशी भीती वाटते, तर तो प्रसूतीनंतरचा नैराश्याचा आजार असू शकतो, आणि तो बरा होतो. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात २५२ आयांची पाहणी केली, तेव्हा बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना हे नैराश्य होतं; २००२मध्ये ते प्रसिद्ध झालं. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलाची आस असताना झालेली मुलगी यांमुळे धोका वाढत होता. पुन्हा तोच सहावा आठवडा. चाळिसाव्या दिवशी ‘आता मोकळी झाली’ म्हणून जिच्या हाती बादली दिली जाते, त्या चार-पाच जणींतली एक अशी आजारी असू शकते. मानसिक मदतीची ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत मिळते, आणि मराठीत बोलता येतं.

व्यवस्थेकडून मागायचं काय, हेही ठरवता येतं, कारण नमुना विदर्भातच घडला आहे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची देखभाल शिकवली. त्या घरी जात, बाळाचं वजन करत, श्वास मोजत, जंतुसंसर्ग ओळखून औषध देत. ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. त्याच अनुभवावरून २०११पासून देशभर आशाताईंच्या गृहभेटी सुरू झाल्या. ओळखीची बाई घरी येते, बसते, विचारते, हा उपाय किती ताकदीचा आहे हे गडचिरोलीनं दाखवून दिलं. त्याच भेटींत दोन प्रश्नांची भर घालावी. काल रात्री तुला सलग किती तास झोप मिळाली? रात्री बाळ कोण घेतं? आणि बेचाळिसाव्या दिवसानंतर, आठव्या आणि दहाव्या आठवड्यात, आणखी दोन भेटी असाव्यात, त्यांच्या वेगळ्या मोबदल्यासह. आशाताईंच्या अंगावर फुकटचं काम टाकून कुणाच्याच झोपेचा प्रश्न सुटणार नाही. याला यंत्र लागत नाही, इमारत लागत नाही. कायद्याकडूनही मागणं आहे. २०१७च्या दुरुस्तीनं संघटित क्षेत्रातल्या नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, केंद्र सरकारच्या कर्मचारी बापाला १५ दिवसांची रजा आहे. पण कापूस वेचणाऱ्या बाईच्या वाट्याला रजा नाही. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठीचे पाच हजार रुपये तिची मजुरी तीन महिने भरून काढत नाहीत. ती रक्कम निदान तेवढी व्हावी.

सरकार करील तेव्हा करील. घर आजपासून करू शकतं, आणि त्यासाठी परंपरा मोडावी लागत नाही, ती लांबवावी लागते. सवा महिना तीन महिन्यांचा करा, आणि त्यात बापाचं नाव घाला. लेकीला सासरी पाठवताना तिच्यासोबत डिंकाच्या लाडवांचा डबा देता, तसं जावयाला समोर बसवून विचारा की रात्री बाळ कोण घेणार आहे. सुनेला घरी आणताना हे सासूनं स्वतः सांगावं. बाळ पाहायला जाणाऱ्यांनी झबलं-टोपडं जरूर न्यावं. पण गेल्यावर चहाची वाट न पाहता हात धुवावेत, बाळ घ्यावं आणि त्याच्या आईला म्हणावं, दोन तास झोपून घे, आम्ही आहोत. आणि बाळ रात्री झोपतं का, हे तिला विचारण्याआधी, तू झोपतेस का, हे विचारावं.